शाळा, सरकार आणि मुलांचीं मतें

शाळेंत राजकारण नको, हें वाक्य अलीकडे आमच्या कानांवर वरचेवर येतें. बोलणारा कोणत्याहि पक्षाचा असो, त्याचा रोख बहुधा दुसऱ्याच्या राजकारणावर असतो. स्वतःच्या मतांस तो राजकारण म्हणत नाहीं, त्यांस देशप्रेम, संस्कार किंवा शास्त्रीय दृष्टि असें कांहीं तरी गोंडस नांव देतो. इतिहासाच्या पुस्तकांतील एखादें प्रकरण गळालें, किंवा एखादें नवें आलें, कीं सभा भरतात, पत्रें लिहिलीं जातात, आणि आपल्या मुलाचें मन कोणी तरी बिघडवीत आहे या धास्तीनें घरोघर चर्चा सुरू होते. या धास्तीच्या मुळाशीं एक समजूत आहे. मुलाचें मन म्हणजे ओली माती, आणि पाठ्यपुस्तक हा तिचा साचा. ही समजूत कितपत खरी आहे हें ठरविण्यास नुसता तर्क लढविण्याचें कारण नाहीं. आमच्याच प्रांतांत हा प्रयोग इंग्रजी अमदानीच्या सव्वाशें वर्षांत मोठ्या प्रमाणावर झाला आहे, आणि त्याचे निकाल लिहून ठेविलेले आहेत.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली, आणि दुसऱ्याच वर्षीं मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्याच कारकीर्दींत, १८२२ सालीं, मुंबईस शाळा व शाळापुस्तकें यांची मंडळी स्थापन झाली आणि मराठी क्रमिक पुस्तकें छापून निघूं लागलीं. जनरल ब्रिग्ज यानें एक आठवण सांगितली आहे. एल्फिन्स्टनच्या तंबूच्या कोपऱ्यांत छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून त्यानें हीं कशासाठीं म्हणून विचारलें. येथल्या लोकांस शिकविण्यासाठीं, असें उत्तर मिळालें. आणि त्याला जोडूनच एल्फिन्स्टन म्हणाला कीं, आम्हांस युरोपांत परत नेणारा राजरस्ता तो हाच. हें तो खिन्नपणानें म्हणाला नाहीं. राज्य कधीं तरी सोडावें लागेल, तें शहाण्या लोकांच्या हातीं सोडावें, इतकें मोठें मन त्या पिढींतील कांहीं इंग्रजांपाशीं होतें, हें आम्हांस मान्य केलें पाहिजे.

परंतु सर्वांचा हिशेब इतका उदार नव्हता. मेकॉलेचा मेहुणा चार्लस ट्रेव्हेलियन यानें १८३८ सालीं हिंदी लोकांच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलें, आणि त्यांत शिक्षणाचा राजकीय उपयोग अगदीं उघड मांडला. जुन्या विद्येंत वाढलेला मनुष्य परकी राजास एका झटक्यांत हांकून देण्याचें स्वप्न पाहतो. इंग्रजी विद्या शिकलेला मनुष्य मात्र आपल्या संस्था हळूहळू सुधारण्याच्या मागें लागतो, आणि त्या सुधारणेसाठीं इंग्रजांचें छत्र त्याला हवेंसें वाटतें, असा त्याचा युक्तिवाद. थोडक्यांत, शाळा ही पलटणीपेक्षां स्वस्त. हा हिशेब अगदींच चुकला असें म्हणतां येत नाहीं. पहिल्या दोन पिढ्यांतील विद्वान खरोखरच इंग्रजी राज्यास ईश्वरी योजना मानीत होते. पण हिशेबांत एक रकम धरावयाची राहून गेली होती. मुलगा पुस्तक वाचतो म्हणजे तें मानतोच, असें नाहीं.

ग्रांट डफचेंच उदाहरण घ्या. हा गृहस्थ साताऱ्यास रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला, थोड्याच वर्षांत कॅप्टन केपननें त्याचें मराठी भाषांतर केलें, आणि मराठ्यांची बखर या नांवानें तें दोन पिढ्यांच्या हातीं राहिलें. आपल्या आज्यापणज्यांनीं काय केलें हें मराठी मुलांनीं एका स्कॉच लष्करी अंमलदाराच्या तोंडून ऐकावें, असा तो योग. ग्रंथ मेहनतीचा आहे. आजहि अभ्यासकास तो टाळतां येत नाहीं. पण त्याचा परिणाम काय झाला? १८६७ सालीं नीळकंठ जनार्दन कीर्तने या पुण्याच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यानें तरुण मंडळींच्या सभेपुढें त्या बखरीवर एक टीका वाचली, आणि पुढें ती छापून निघाली. ज्या बखरीवर तो वाढला होता, तिच्याच उणीवा त्यानें उघड्या करून दाखविल्या. ही टीका म्हणजे मराठींतील इतिहाससंशोधनाचा नारळच फुटला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून निबंधमालेंत इतिहासाचा विषय हातीं घेतला. १८७८ त काव्येतिहाससंग्रह निघाला. १८९८ सालीं राजवाड्यांचा पहिला खंड बाहेर पडला, आणि त्याच्या प्रस्तावनेंतहि झुंज आहे ती ग्रांट डफशींच. सरकारी शाळेंत ती बखर शिकविली गेली नसती, तर या मंडळींस भांडावयास प्रतिपक्षीच मिळाला नसता.

न्यायमूर्ति रानड्यांच्या चरित्रांत एक गोष्ट येते, ती येथें सांगण्याजोगी आहे. एल्फिन्स्टन कॉलेजांत असतां त्यांनीं एका निबंधांत मराठी राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना केली, आणि ती इंग्रजी राज्यास अनुकूल नव्हती. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रांट हे विद्वान व उदार गृहस्थ. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील त्यांची टीका प्रसिद्ध आहे. त्यांनीं रानड्यांस बोलावून, जें सरकार तुला शिकवीत आहे त्याची निंदा करूं नये, असा उपदेश केला, आणि त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद ठेविली. रानडे त्यामुळें राजद्रोही झाले नाहींत. त्यांचा स्वभाव तसा नव्हता. ग्रांटसाहेबांविषयीं त्यांस आदरहि राहिला. पण मराठ्यांच्या सत्तेचा उदय हा ग्रंथ त्यांच्या लेखणींतून १९०० सालीं उतरला, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. मध्यें चाळीस वर्षें गेलीं. विषय सुटला नाहीं.

डेक्कन कॉलेजांत वर्डस्वर्थ (कवीचा नातू) आणि सेल्बी यांच्या हाताखालीं जी पिढी शिकली, तिची गोष्ट याहून उद्बोधक आहे. टिळक आणि आगरकर हे एका वेळचे विद्यार्थी. गुरु तेच, पुस्तकें तींच, मिल्ल तोच आणि स्पेन्सर तोच. कॉलेजाच्या टेकडीवर दोघांनीं एकच निश्चय केला, कीं सरकारी चाकरी करावयाची नाहीं, शाळा काढावयाची. पुढें एकानें मिल्लपासून समाजसुधारणेचें शस्त्र घेतलें आणि दुसऱ्यानें आधीं राजकीय हक्क, मग इतर, असा पंथ धरला; संमतिवयाच्या वादांत, १८९१ सालीं, दोघे उभ्या महाराष्ट्रासमोर एकमेकांविरुद्ध उभे होते. पाठ्यपुस्तक मत घडवितें असें म्हणणारांनीं या दोघांचा उलगडा करून दाखवावा. गोखल्यांचें उदाहरण तिसरें. बर्कचें फ्रेंच राज्यक्रांतीवरील पुस्तक त्यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत वर्षानुवर्षें शिकविलें, आणि त्यांतील उतारेच्या उतारे त्यांस मुखोद्गत असत. बर्क हा क्रांतीचा हाडवैरी. त्याचा संयम गोखल्यांच्या अंगीं उतरला खरा. पण त्याचबरोबर बेजबाबदार सत्तेविषयींची बर्कची चीडहि उतरली, आणि कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलतांना ती सरकारच्याच पदरांत पडली.

न्यू इंग्लिश स्कूल जानेवारी १८८० मध्यें पुण्यास निघालें. त्या शाळेंत राजकारण हा विषय वेळापत्रकांत नव्हता. मॅट्रिकचाच अभ्यासक्रम होता, आणि निकाल उत्तम लागत. १८८२ सालीं शिक्षण-कमिशनचे अध्यक्ष डॉक्टर हंटर यांनीं ती शाळा पाहून, साऱ्या हिंदुस्थानांत या तोडीची शाळा आपण पाहिली नाहीं, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. त्याच वर्षीं, कोल्हापूर प्रकरणीं केसरी व मराठा या पत्रांवर झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत, त्या शाळेचे दोन शिक्षक टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढून आले. आतां त्या वर्गांतील एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाची कल्पना करावी. त्याचा गणिताचा मास्तर काल तुरुंगांत होता, आज फळ्यापाशीं उभा आहे, आणि मधल्या दिवसांबद्दल तो एक शब्द बोलत नाहीं. समीकरण सोडवून देतो. या मुलास राजकारणाचें शिक्षण मिळालें कीं नाहीं?

सरकारी बाजूसहि हें कळूं लागलें होतें. हंटर कमिशननें दोन सूचना केल्या: नैसर्गिक धर्माच्या सर्वमान्य तत्त्वांवर एक नीतिपाठांचें पुस्तक तयार करावें, आणि प्रत्येक कॉलेजांत दर सत्रांत मनुष्याचीं व नागरिकाचीं कर्तव्यें यांवर व्याख्यानें द्यावींत. कमिशनचे एक सभासद काशीनाथ त्रिंबक तेलंग यांनीं आपल्या स्वतंत्र टिपणांत नीतिपाठांच्या पुस्तकास विरोध केला. तेलंग हे त्या वेळीं अवघे बत्तीस वर्षांचे; पण छापील नीतीनें तरुण माणूस नीतिमान होत नाहीं, इतकें त्यांस पुरतें ठाऊक होतें.

तथापि पुस्तक आलेंच; नीतीचें नव्हे, नागरिकत्वाचें. मुंबई इलाख्यांत हयात घालविलेले सर विल्यम ली-वॉर्नर यांनीं हिंदी नागरिक या अर्थाच्या नांवाचें एक इंग्रजी पुस्तक १८९७ सालीं प्रसिद्ध केलें. खेडें, शहर, जिल्हा, प्रांत अशा पायऱ्यांनीं तें मुलास साम्राज्याच्या शिखरापर्यंत नेतें, आणि वाटेंत सार्वजनिक शांतता, सार्वजनिक आरोग्य, सरकारचा जमाखर्च वगैरे समजावून देतें. आमच्या आजच्या नागरिकशास्त्राचा तो खापरपणजोबा म्हणावयास हरकत नाहीं. मांडणीचा सांगाडा अजून पुष्कळसा तोच आहे. पुस्तक लबाडीनें लिहिलें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण साल पाहावें. त्याच १८९७ सालीं पुण्यास प्लेगसाठीं गोरे सोजीर घरांत शिरत होते, माजघरांतील सामान रस्त्यावर येत होतें, जूनमध्यें रँडचा खून झाला, आणि सप्टेंबरांत टिळकांस राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सार्वजनिक आरोग्याचा धडा सदाशिव पेठेंतील मुलास पुस्तकांतून शिकण्याची गरजच उरली नव्हती.

आणि रँडला मारणारे कोण? दामोदर चापेकर व त्याचे भाऊ. हे कीर्तनकाराचे मुलगे, बापाबरोबर गांवोगांव कीर्तनांत साथ करणारे. विश्वविद्यालयाचा वारा त्यांस लागला नव्हता. मिल्ल, बर्क यांच्या वाचनानें तरुण बिघडतात अशी आरोळी ज्या साहेबलोकांनीं ठोकली, त्यांनीं हें लक्षांत घेतलें नाहीं. गणपतीचे मेळे, शिवजयंतीचे उत्सव, चौकांत मोठ्यानें वाचलें जाणारें वर्तमानपत्र, या शाळा वेगळ्याच होत्या, आणि त्यांवर विद्याखात्याचा इन्स्पेक्टर जात नसे.

यानंतरची हकीकत बहुतेक वाचकांस ठाऊक आहे, म्हणून ती त्वरेनें सांगतों. वंगभंगाच्या चळवळींत, १९०५ सालीं, बंगाल सरकारनें विद्यार्थ्यांस सभांपासून दूर ठेवणारें परिपत्रक काढलें. त्याच्या उत्तरादाखल तेथें राष्ट्रीय शाळा निघाल्या. १९०७ च्या मे महिन्यांत हिंदुस्थान सरकारचे सेक्रेटरी रिस्ले यांनीं तोच हुकूम सर्व देशभर लागू केला, आणि न ऐकणाऱ्या शाळांची ग्रँट, शिष्यवृत्त्या व मान्यता काढून घेण्याचा धाक घातला. पुण्यांत १९०५ सालींच परदेशी कापडाची होळी केल्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजानें विनायक सावरकर या विद्यार्थ्यास दहा रुपये दंड करून वसतिगृहाबाहेर काढलें. प्रिन्सिपॉल होते रँग्लर परांजपे, म्हणजे आगरकरांच्या परंपरेंतले. जें कॉलेज सरकारी चाकरी नाकारणाऱ्यांनीं स्थापिलें, त्यालाच वीस वर्षांनीं विद्यार्थ्यांच्या राजकारणाची भीति वाटावी, हा कालाचा महिमा. दंडाचे दहा रुपये वसूल झाले. सावरकरांचीं मतें कांहीं बदललीं नाहींत.

याच वेळीं दुसऱ्या बाजूनेंहि शाळेवर तोच विश्वास टाकला, हें सांगितलें पाहिजे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतील प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांनीं सरकारी सांच्याऐवजीं आपला सांचा घडविण्यासाठीं समर्थ विद्यालय काढलें. मातृभाषेंतून शिक्षण, हातकाम, व्यायाम, धर्म आणि देशाचा इतिहास हीं त्याचीं अंगें. विद्यालय पुढें तळेगांव दाभाडे येथें आलें. विजापूरकरांच्या विश्ववृत्त मासिकांत सातवळेकरांनीं वैदिक प्रार्थनांवर लिहिलेला एक लेख राजद्रोही ठरून त्यांस तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि १९१० सालीं सरकारनें विद्यालयच बंद पाडलें. विजापूरकरांच्या त्यागाविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. मराठींतून उच्च विषय शिकवितां येतात हें त्यांनीं त्या काळीं दाखविलें, ही त्यांची कामगिरी कायमची आहे. पण पाठ बदलला कीं मन बदलेल ही त्यांची श्रद्धा आणि ट्रेव्हेलियनची श्रद्धा, या दोहोंचें बीज एकच होतें, असें आम्हांस नाइलाजानें म्हणावें लागतें. असहकारितेच्या भरांत १९२०-२१ मध्यें गुजरात विद्यापीठ, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ अशा संस्था निघाल्या. पुढें चळवळ ओसरतांच त्यांच्या शाळांतील पुष्कळ मुलें मुकाट्यानें सरकारी बांकांवर जाऊन बसलीं. कारण सोपें होतें. बापास पोराच्या पोटाची काळजी, आणि मॅट्रिकचा दाखला सरकारच्या हातीं.

येथें एक आक्षेप वाचकाच्या मनांत येईल, आणि तो रास्त आहे. आम्हीं नांवें घेतलीं तीं सर्व बंडखोरांचीं, निदान स्वतंत्र बुद्धीच्या माणसांचीं. ज्या हजारों मुलांनीं तीच पुस्तकें वाचलीं, इंग्रजी राज्याचे फायदे पाठ केले, परीक्षा दिली, आणि कचेरींत जाऊन पेन्शन होईपर्यंत साहेबास सलाम केला, त्यांचें काय? त्यांच्यावर सांचा बसलाच ना? बसला असेल. बंडखोरांचीं चरित्रें लिहिलीं जातात, कारकुनांचीं कोणी लिहीत नाहीं, म्हणून आमच्यासारख्या लेखकांची नजर एकांगी होते. तरी त्या कारकुनांच्या घरांतल्या ताकेवर केसरीचे जुने अंक जपून ठेवलेले आढळत, हेंहि तितकेंच खरें. सलाम हा सवयीचा भाग. मत तें हेंच, असें धरून चालतां येत नाहीं.

मग शाळा मतें घडवीतच नाहीं काय? घडविते, पण धड्यानें घडविते त्याहून बांकावर, दारांत आणि पाणवठ्यावर अधिक घडविते. हें ज्यानें सर्वांत आधीं ओळखलें तो पुरुष पुण्यांतच होता. जोतीराव फुले मिशनच्या शाळेंत शिकले, आणि तारुण्यांत टॉमस पेनचें मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांच्या हातीं पडलें. पेनचें पुस्तक इतरांनींहि वाचलें असेल. पण जो मुलगा माळ्याच्या घरांतून आला होता त्याच्या हातांत त्याचा अर्थ निराळा झाला. १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढली. हंटर कमिशनपुढें १८८२ सालीं त्यांनीं जें निवेदन दिलें, त्यांत पुस्तकांहून अधिक भर पंतोजीवर आहे. सरकारी प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक एकाच जातीचे. ते कुणब्याच्या मुलास आपुलकीनें शिकवीत नाहींत. म्हणून शेतकरी वर्गांतूनच शिक्षक तयार करावे, त्यांस पगार चांगला द्यावा, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी. आमच्या पूर्वजांच्या मासिकांनीं या गृहस्थाची भाषा अशुद्ध म्हणून टर उडविली. त्याचें म्हणणें मात्र त्यांस खोडून काढतां आलें नाहीं.

फुले बोलत होते तें हवेंत नव्हे. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. फी देण्याची त्याची तयारी होती. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेलें. सरकारचें उत्तर असें कीं, तत्त्वतः मुलाची बाजू न्याय्य आहे; परंतु एका मुलास घेतलें तर बाकीचीं मुलें शाळा सोडतील, आणि शाळेचा बहुतेकांस उपयोग राहणार नाहीं; सबब नाहीं. ज्या सरकारच्या पुस्तकांत कायद्यापुढें सर्व समान हा इंग्रजी राज्याचा मोठा फायदा म्हणून पुढें मुलांकडून घोकून घेण्यांत आला, त्याच सरकारचा हा निकाल.

चव्वेचाळीस वर्षांनीं, ७ नोव्हेंबर १९०० रोजीं, साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत भीमराव रामजी या मुलाचें नांव दाखल झालें. महाराष्ट्रांतील शाळांतून आतां तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मुलें भाषणें करतात, राज्यघटनेची उद्देशिका म्हणतात. त्या काळच्या वर्गाची हकीकत डॉक्टर आंबेडकरांनीं पुढें स्वतः लिहून ठेविली आहे. वर्गांत क्रमानें मिळालेल्या जागीं त्यांस बसतां येत नसे. एका कोपऱ्यांत, वेगळ्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावें लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटास हात लावीत नसे. म्हणून मुलगा तें संध्याकाळीं घरीं नेई, आणि दुसऱ्या दिवशीं पुस्तकांबरोबर परत घेऊन येई.